पान एकसष्टची तळटीप

४ मार्च

काटके,

एकोणीस वर्षांनी लिहायच्या पत्राचा मायना काय असावा, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं. शिकवलं ते एवढंच की तारीख उजव्या कोपऱ्यात, मग एक ओळ सोडायची, आणि शाई सांडली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तुझं लहानपणचं ‘काटकी’च घातलं. हा चौथा कागद आहे. शाई सांडलेली नाही.

कामाचं बोलते. आपल्या तर्कशास्त्राच्या विभागाला पन्नास वर्षं झाली म्हणून एक ग्रंथ निघतोय. प्रत्येकाचं एकेक गाजलेलं काम त्यात पुन्हा छापणार आहेत. हल्लीचा विभागप्रमुख माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून पेंगायचा, तुझ्या पुढे दोन वर्षं होता. त्यानं माझं म्हणून काय निवडावं? ‘मॅडमचं प्रतिउदाहरण.’ त्याच सात ओळी. ज्यांच्यावरून तुझा प्रबंध नाकारला गेला त्या.

मी नको म्हटलं. तर म्हणतो, ‘मॅडम, हा तुमचा विनय!’ मला सहासष्ट वर्षांत कुणी विनयशील म्हटलेलं नाही, आणि म्हणायचंच होतं तर जागा तरी बरी निवडायची.

ग्रंथ अठ्ठावीस मार्चला छपाईला जातो. माझ्या सात ओळींच्या जागी मला तुझं चौथं प्रकरण छापायचं आहे, तुझ्या नावानं. माझ्यासाठी राखलेली पानं आहेत, ती मी कुणालाही देईन. अडचण एकच. नाकारलेला प्रबंध विभाग ठेवत नाही, उमेदवाराला परत करतो. म्हणजे जगात असलीच तर एक प्रत आहे, आणि ती तुझ्याकडे. ती पाठव. सोबत ‘छापायला हरकत नाही’ अशी एक ओळ. यापलीकडे काही लिहायची सक्ती नाही.

आता का, असं विचारशील. सध्या विचारू नकोस.

तुझा पत्ता ताईकडून घेतला. तुला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचंय असं तिला सांगितलं. तुझी आई असली तरी माझी बहीणही आहे, त्यामुळे तिनं विश्वास ठेवला नाही. पण पत्ता दिला. तू सिग्नलच्या यंत्रांची तपासणी करतेस म्हणे. बरं आहे. तिथे चूक झाली तर लगेच कळत असेल.

तू तेव्हा एका शब्दानं न सांगता निघून गेलीस, ते मी मनात ठेवलेलं नाही.

मावशी

ता.क. पोचपावतीचं रजिस्टर करतेय, मिळालं नाही म्हणू नकोस.


१२ मार्च

काटके,

पोचपावतीचं कार्ड परत आलं. सही तुझीच आहे, शेवटी ती शेपटी अजून तशीच काढतेस. म्हणजे पत्र तुला मिळालं, हे मला माहीत आहे. सही करताना कार्ड माझ्याकडे परत येणार हे तुला दिसत होतंच. तेव्हा मला माहीत आहे, हेही तुला माहीत आहे. हे असं कुठवर जातं ते तुला मी सांगायला नको. आता तुझं गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं राहिलेलं नाही, आणि त्याचा अर्थ मी सकाळी एक लावते, जेवताना दुसरा, आणि संध्याकाळी चक्कर मारून येईपर्यंत तिसरा. डॉक्टरनं रक्तदाब पाहिला आणि विचारलं, ‘काही टेन्शन आहे का?’ मी म्हटलं, ‘पोस्टाचं.’ त्यानं गोळी वाढवली.

रविवारी ताईचा फोन होता. गुडघ्यांवर बोललो. तिचा डावा, माझा उजवा. एकोणीस वर्षं आम्ही दोघी तुला वळसा घालून बोलतोय, त्यात आता इतक्या तयार झालोय की मध्ये तुझं नाव आलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. शेवटी मीच म्हटलं, ‘ती पत्र वाचते ना?’ ताई म्हणाली, ‘कार्ड पाठवणार होतीस ना तू?’ आणि फोन ठेवला.

मुद्रितं आली आहेत. त्या सात ओळींना चौकट घातली आहे. वर वेलबुट्टी.

ठीक आहे, सांगते. माझ्या सात ओळी चुकीच्या आहेत. तुझा प्रबंध बरोबर होता. मला हे गेल्या महिन्यात कपाट आवरताना जुनी टिपणं हाती लागली तेव्हा कळलं. तुझं प्रकरण मिळालं तर त्याच्या आधी घालायला खालचा मजकूर मी तयार केलाय. प्रमुखालाही समजेल इतका सोपा केला आहे, तेव्हा हसू नकोस. कुठे चुकत असेल तर दुरुस्त कर.

‘कुणाला काय माहीत आहे, आणि एखादी गोष्ट सर्वांसमोर जाहीर केल्यावर त्या माहितीत काय बदल होतो, याचं हे तर्कशास्त्र. यातली सिद्धता झाडासारखी मांडतात. बुंध्याशी जे सिद्ध करायचं ते विधान, वर नियमांप्रमाणे फुटत जाणाऱ्या फांद्या. प्रत्येक फांदी जिथे शंकाच उरत नाही अशा टोकाला पोचली की सिद्धता पुरी. उमेदवार मुलीनं या झाडाचे नियम बांधले आणि दाखवून दिलं की सिद्धतेत बाहेरून आणून घातलेली कुठलीही मधली पायरी काढून टाकता येते. लागतं ते सगळं मूळ विधानातच असतं.

‘तिच्या नियमांनी हेही सिद्ध होतं की साधी गोष्ट खरी असेल, तर ती जाहीर केल्यावरही खरीच राहते. किल्ली टेबलावर आहे. तसं सांगितलं. किल्ली टेबलावरच आहे. परीक्षक बाईंनी या साध्या गोष्टीच्या जागी एक वेगळं वाक्य घातलं: किल्ली टेबलावर आहे आणि तुला ते माहीत नाही. हे वाक्य खरं असू शकतं, पण तुला सांगितल्याक्षणी खोटं होतं, कारण ऐकलंस की तुला माहीत झालं. बाईंनी निष्कर्ष काढला, या नियमांनी खोटंही सिद्ध होतं, म्हणून नियम चूक.

‘चूक बाईंची. नियम साध्या गोष्टींपुरता होता. बाईंनी जुनं तर्कशास्त्र तीस वर्षं शिकवलं. त्यात अक्षर म्हणजे रिकामा डबा, वाटेल ते वाक्य त्यात भरा, निष्कर्ष टिकतो. या तर्कशास्त्रात तो टिकत नाही. बाईंनी न बघता डबा भरला.’

आपल्याकडेच काय ते हे अजून वेलबुट्टीत आहे. बाहेर हल्ली पहिल्या धड्यात शिकवतात. तुझ्यासारखी सिद्धताही बाहेर छापून आली, तुझ्यानंतर नऊ वर्षांनी, दुसऱ्यांच्या नावावर. म्हणून अठ्ठावीस तारीख. ती टळली तर तू हे आधी केलं होतंस असं सांगणारा एकही छापील कागद कुठे असणार नाही, आणि माझी चौकट मात्र असेल.

प्रत पाठव.

मावशी


१९ मार्च

काटके,

अजून काही नाही. पोस्टमन मला पाहून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायला लागलाय.

तू प्रबंध फाडून टाकला असशील, हे माझ्या डोक्यात काल आलं आणि ते जाईना. मग वाटलं, मी असते तर फाडला नसता, आणि हट्टीपणात तू माझ्यावर गेली आहेस. मग वाटलं, मी खरंच फाडला नसता का?

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू न सांगता निघून गेलीस. ते वाचून तू पत्र बाजूला ठेवलं असशील तर तुझं बरोबर आहे. ते तसं नव्हतं.

तोंडी परीक्षेचं आधी बोलते. तुझे मार्गदर्शक सर आजारी पडले म्हणून समितीनं माझं मत मागवलं, कारण तुझं लिखाण वाचू शकेल असं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की ती माझी भाची आहे, दुसरं कुणी बघा. म्हटलं नाही. वर ठरवलं की मावशीनं पास केलं असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. तुझा प्रबंध मी चुका शोधत वाचला. आणि चूक सापडल्यावर मला बरं वाटलं. आधी जराही वाईट वाटलं नाही, सरळ बरंच वाटलं. फळ्यावर सात ओळी लिहिल्या. खोली भरलेली होती. कुणीतरी मागून टाळी वाजवली. तू उठलीस, म्हणालीस, ‘मावशी, पण इथे...’

मी म्हटलं, ‘इथे मॅडम म्हणायचं.’

तू बसलीस. पुढे तू काय म्हणणार होतीस ते कुणी विचारलं नाही.

मग चार दिवसांनी तू घरी आलीस. दुपारी, साधारण तीन. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. तू त्या पिवळ्या फायलीसकट उभी होतीस आणि तुझ्या कपाळावर घाम होता, लिफ्ट बंद होती त्या आठवड्यात. मी भिंगाला डोळा लावला की बाहेरून ते काळं दिसतं, हे तुला लहानपणापासून माहीत, कारण मीच तुला उचलून दाखवलं होतं. तू सरळ भिंगाकडे पाहिलंस आणि दाराशी बोलल्यासारखं म्हणालीस, ‘मावशी, पाचच मिनिटं घेईन.’

मी दार उघडलं नाही. पाचाची दहा मिनिटं झाली असतील, तू पुन्हा बेल वाजवली नाहीस. मग तुझी पावलं जिन्यावरून उतरताना ऐकली. पाच मजले.

तेव्हा तू सांगायला आली होतीस, आणि मी ऐकलं नाही. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. काय सांगायला आली होतीस, ते मला आजही माहीत नाही.

नऊ दिवस उरले.

मावशी


२३ मार्च

काटके, मुली,

पार्सल आलं! पोस्टमननं स्वतः वर आणून दिलं, बहुधा कायमचं सुटायला. सुतळीच्या गाठी मी कात्रीनं कापल्या नाहीत, सोडवल्या, आणि त्यात माझा अर्धा तास गेला.

पान एकसष्ट पाहा असं तू लिहिलंस. पाहिलं. तळटीप आहे. बारीक टाइपात, पण आहे: ‘हा नियम साध्या विधानांपुरताच, त्यांच्या जागी इतर वाक्यं घालता येणार नाहीत.’ तिच्याखाली पेन्सिलची रेघ, शेजारी तुझ्या अक्षरात तारीख. तोंडी परीक्षेनंतरचा तिसरा दिवस. आणि पुढे दोन शब्द: ‘उद्या मावशीकडे.’

तर हे सांगायला आली होतीस.

म्हणजे तुला एकोणीस वर्षं माहीत होतं! आणि तू बोलली नाहीस! दार एक माझं बंद होतं, बाकी सगळी उघडी होती ना? समितीला एक पत्र टाकायचं. ताईला सांगायचं, तिनं मला रविवारी फोनवर गुडघ्यांऐवजी हे ऐकवलं असतं. सिग्नल तपासत बसलीस इतकी वर्षं. तुझ्या जागी मी असते तर मी त्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडले असते. राग आलाय मला तुझा. खरंच आलाय. सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी आपटतेय.

चौथं प्रकरण दोनदा वाचलं. किती स्वच्छ लिहिलंयस गं. मी त्यात चूक शोधत होते तेव्हा हे मला दिसलंच नव्हतं.

तुझी चिठ्ठी तीन ओळींची. प्रबंध पाठवतेय. पान एकसष्ट पाहा. परवानगी देण्याआधी एकच प्रश्न: मावशी, तुला कधी कळलं?

ते तर मी लिहिलंय की. गेल्या महिन्यात, कपाट आवरताना. बारा तारखेच्या पत्रात आहे, पुन्हा बघ. आता एक ओळ परवानगीची, आणि ती तारेसारखी पाठव. पाच दिवस आहेत.

मावशी


२४ मार्च

काटके,

कालचं पत्र काल दुपारी पेटीत टाकलं. टाकून चार पावलं चालले आणि परत फिरले. पेटीत हात घालून पाहिला, जात नाही. पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझं पत्र परत द्या, निळं पाकीट आहे. ती म्हणाली, ‘आजी, पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही. ज्याचा पत्ता त्याचं.’ आजी! एरवी मी तिला सोडली नसती. काल नुसतीच बाकावर बसले.

हे पत्र स्पीडपोस्टानं पाठवतेय, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी पोचतील. कुठलं खरं हे तुला ठरवायला लागू नये म्हणून सांगते. हे.

गेल्या महिन्यात नाही. कपाटही आवरलेलं नाही, ते अजून तसंच आहे.

बारा वर्षांपूर्वी. सप्टेंबरचा पहिला गुरुवार, दुसरा तास. त्या सात ओळी मी दर वर्षी शिकवत असे. मुलांना आवडायच्या, किल्लीचं ऐकून हसायची. त्या वर्षी तिसऱ्या रांगेत चष्म्याची एक मुलगी होती, कधी न बोलणारी. तिनं हात वर केला. ‘मॅडम, इथे हे वाक्य घालता येतं का? मी काल करून पाहिलं, मला नाही घालता आलं.’

मी फळ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं. तिथेच, सगळंच, एकदम. खडू हातात होता. सात वर्षं मी ते फळ्यावर लिहीत होते आणि दिसलं नव्हतं. आणि त्या मुलीचं वाक्य संपायच्या आत दिसलं.

मी म्हटलं, ‘घरी जाऊन पुन्हा नीट करून बघ.’

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. डोळे सुजले होते, बहुतेक रात्रभर बसली असावी. म्हणाली, ‘सॉरी मॅडम, माझंच काहीतरी चुकत असेल.’

मी म्हटलं, ‘हो.’

तुझं दार मी उघडलं नाही तेव्हा मला काही माहीत नव्हतं. त्याचं मला वाईट वाटतं, पण मी ते सांगू शकले, तू पाहिलंसच. लाज वाटत सांगितलं आणि सांगितल्यावर हलकंही वाटलं. या ‘हो’चं तसं नाही. हे मी माहीत असताना म्हटलं. त्या मुलीनं पुढच्या वर्षी विषय बदलला. तेव्हा मी प्रमुख होते, निवृत्तीला सहा वर्षं होती, तुझा पत्ता ताईकडे एका फोनच्या अंतरावर होता, आणि बाहेर तुझी सिद्धता अजून कुणी छापलेली नव्हती. दोन वर्षं बाकी होती. मी बोलले असते तर ती पहिली तुझीच ठरली असती.

तू विचारलंस तेव्हा मी काल पुन्हा खोटं लिहिलं, कारण उत्तर कळल्यावर तू परवानगी देणार नाहीस अशी भीती वाटली. अजून वाटते. पण तू हा एकच प्रश्न विचारलायस.

मावशी


२७ मार्च

काटके,

काल विभागात जाऊन आले. प्रमुखाच्या टेबलावर माझा मजकूर ठेवला, शेवटी एक परिच्छेद वाढवून: की बाईंना ही चूक बारा वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं दाखवली, आणि बाईंनी तिला गप्प बसवलं.

त्यानं वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाला, ‘मॅडम, बारा वर्षांचं कशाला? नंतर लक्षात आलं, एवढं लिहिलं तरी पुरे.’

मी म्हटलं, ‘नंतर म्हणजे कधी, असं तिनं विचारलंय.’

त्यानं माझ्या कागदावर पेपरवेट ठेवला. मग म्हणाला, ‘तसं विभागात सगळ्यांना माहीत आहे, मॅडम. साधारण सगळ्यांनाच. ती चष्म्यावाली माझ्याकडेही आली होती. कुणी बोललं नाही, इतकंच.’

‘कुणी कुणाशी?’

‘कुणीच कुणाशी नाही. मला वाटायचं, मला एकट्यालाच कळलंय. परवा चहाला सहज विषय निघाला तर प्रत्येकाला तसंच वाटत होतं.’

‘आणि तरी चौकट घातलीस? वेलबुट्टी काढलीस?’

‘तुम्हाला बरं वाटेल म्हणून.’

काटके, मी आयुष्यभर हे शिकवलं. प्रत्येकाला माहीत असणं वेगळं, आणि प्रत्येकाला माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं वेगळं. आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर कुणीतरी सर्वांसमोर उभं राहून बोलावं लागतं. पेपरात दहा मार्कांना विचारायचे. मग मी त्याला म्हटलं, बोलाव सगळ्यांना. कारकुनासकट. आठ जण आले, उभेच राहिले. मी मजकूर मोठ्यानं वाचला, शेवटच्या परिच्छेदापर्यंत. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मग पाहायला लागले.

तुझी परवानगी आलेली नाही. आज दुपारचं टपाल पाहिलं. पत्रं पोचली आहेत, दोन्ही. ताईनं सकाळी तुझ्या घरून फोन करून सांगितलं, रविवार नसताना. ‘वाचली तिनं,’ म्हणाली. मी विचारलं, काही बोलली का? ताई म्हणाली, ‘नाही. गॅलरीत बसलीय. तिला बसू दे.’ गुडघ्यांचं कुणीच काढलं नाही.

बसू दे. मी घाई करणार नाही, तारीख माझी आहे, तुझी नाही. माझा मजकूर उद्या छपाईला जातो. त्याला तुझी परवानगी लागत नाही. ती चूक माझी आहे, ती मी छापू शकते. तुझ्या प्रकरणाला लागते. तुझ्या होकाराशिवाय त्यातली एक ओळ जाणार नाही, हे मी छापखान्यात लिहून दिलं आहे.

मात्र पानं मी राखून ठेवली आहेत. बावीस. पहिल्या पानावर वर तुझं नाव, त्याखाली प्रकरणाचं नाव, त्याखाली प्रबंध सादर केल्याची तारीख. पुढे कोरं. उद्या सकाळी अकरापर्यंत तुझा फोन आला तर भरतील. नाही आला तर ग्रंथ तसाच बांधायचा. प्रमुख म्हणाला, लोक विचारतील. मी म्हटलं, विचारू देत, उत्तर मागच्याच पानावर आहे.

छापखानेवाल्यांचा आत्ताच फोन होता. त्यांना एवढंच हवं होतं, की कोऱ्या पानांना क्रमांक घालायचे की नाही.

मी म्हटलं, घाला.

मावशी